मागं आवाज येते का?

यंदाही आमच्या समोरच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वंदना झाली की एक जण ग्रंथ पुढ्यात घेऊन मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. विहाराच्या गच्चीवर भोंगा आहे आणि त्याचं तोंड नेमकं आमच्या खिडकीकडे आहे. यंदा वाचणारी मुलगी चांगली शिकलेली आहे. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. तिच्यात खोट काढायला जागा नाही, आणि मला खोट काढायची हौस असूनही मी काढत नाही. फक्त ती थेट वाचायलाच लागते, आणि तिच्या आधी एक वाक्य राहून गेलं असं मला रोज वाटतं.

ते वाक्य रामटेके बाईंचं होतं. माइकवर दोनदा फुंकर मारून त्या विचारायच्या, "मागं आवाज येते का?" आणि चपलांजवळ बसलेली माणसं एका सुरात म्हणायची, "येते बाई!" मग वाचन.

रामटेके बाई म्हणजे आमच्या वरठी गावच्या अंगणवाडीच्या बाई. नोकरी कधीच संपली होती, पण बाईपण संपलं नव्हतं. अर्धी वरठी त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. त्यामुळे समोरचा माणूस पोलाद कारखान्यात फोरमन असो की सोसायटीचा अध्यक्ष, बाई त्याच्याशी बोलताना नकळत खाली वाकायच्या, जणू तो अजून कमरेएवढाच आहे. ठेंगणा बांधा, अंगावर फुलाफुलांची साडी, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. मुलगा सुगत लहान असतानाच नवरा गेला होता. घड्याळ चालायचं नाही, आणि ते चालत नाही हे कुणी सांगितलेलं बाईंना चालायचं नाही.

कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "हात धुतले?" एकदा अंगणवाडीच्या तपासणीला जीपमधून एक साहेब आले. त्यांनी खिचडीची चव बघायला चमचा उचलला तर बाईंनी चमचा धरून ठेवला. मुलं बघत होती. साहेब मुकाट्यानं नळाकडे गेले. बाईंनी नंतर ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आम्हाला ती साहेबांच्या ड्रायव्हरकडून कळली.

दुसरी एक खोड सगळ्या गावाला पाठ होती. वाचन संपलं की बाई ग्रंथ कापडात गुंडाळायच्या, चष्मा काढायच्या, पण माइक बंद करायला विसरायच्या. विहाराचे सचिव मेश्रामजी तो बंद करायला उठायचे, पण त्यांना गुडघ्याचा त्रास, उठेपर्यंत वेळ जायचा. तेवढ्या वेळात ग्रंथानंतरचा समाचार गावभर ऐकू जायचा. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या धानाच्या बांधीत पाणी जास्त झालं, चपला कुणी उलट्या ठेवल्या. लोक घरात जेवता जेवता ऐकायचे. मी इतकी वर्षं समोर राहून विहारात कधी गेलो नव्हतो, पण मेश्रामजींचा गुडघा कोणता दुखतो ते मला माहीत होतं.

माझी कावीळही त्याच माइकवरून जाहीर झाली.

धानाच्या रोवण्या आटोपत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी भंडाऱ्याला शाळेत भूगोल शिकवतो. आठवडाभर भूक नव्हती, अंगाला खाज, आणि एके सकाळी आरशात माझेच डोळे मला अनोळखी वाटले. दुपारी फाटकाशी बाई भेटल्या, त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि काही न बोलता निघून गेल्या. संध्याकाळी ग्रंथ गुंडाळून झाल्यावर भोंगा म्हणाला, "समोरच्या गुरुजीले कावीळ झाली हाय. डोळे हळदीवानी झाले. कोणी भजे-बिजे घेऊन जाऊ नोका त्यायच्या घरी." डॉक्टरांनी निदान केलं ते दुसऱ्या दिवशी. तोवर किराणावाल्यानं माझ्या बायकोला तेलाची पिशवी देताना विचारलंही होतं, "हे कोणासाठी जी?"

डॉक्टर म्हणाले, पडून राहा. किती दिवस, तर रक्त सांगेल. सविता, म्हणजे माझी बायको, मोहाडीला पंचायत समितीत नोकरीला. ती सकाळी निघाली की दिवसभर घरात मी आणि माझा फोन.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. मला लाल दिसत होतं. त्याच दिवसांत आखातात युद्ध भडकलं होतं. इतर लोक बातमी ऐकतात आणि चहा पितात. मला चहा बंद होता, आणि भूगोलाच्या मास्तरला बातमीत नुसतं गावाचं नाव ऐकू येत नाही, त्याला आख्खा नकाशा दिसतो. कुठली सामुद्रधुनी किती अरुंद, कुठल्या बंदराच्या मागं लगेच वाळवंट, माणसं पळाली तर कुठे पळतील. मी सकाळी डोळे उघडले की फोन घ्यायचो, आणि डोळे चुरचुरायला लागले की मगच ठेवायचो. आग, धूर, पुन्हा आग. आपल्याच्यानं काही होत नाही, हे कळत असूनही बोट थांबत नव्हतं. ताप नसलेल्या दिवशीही मला थकवा यायचा, आणि तो काविळीचा नव्हता.

बाई आल्या त्या अशा एका दुपारी. दार लोटून आत आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"हात धुतले?"

"बाई, मी पडूनच तर आहे. हात कशाला..."

"फोन हाय न हातात? मंग धुवा."

मी धुऊन आलो तोवर फोन त्यांच्या पिशवीत गेला होता आणि त्याच्या जागी, उशीपाशी, एक लोट्याएवढा काळा स्पीकर ठेवलेला होता. सुगतनं पाठवलेला. सुगत त्यांचा एकुलता एक मुलगा. वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंग शिकला आणि तिथून आखातातल्या एका बंदरावर कामाला गेला. ज्या बंदराभोवती मी दिवसभर फोनवर घिरट्या घालत होतो, त्याच बंदरावर.

हे मला माहीत होतं. सगळ्या वरठीला माहीत होतं. म्हणून मला बाईंकडे बघवेना.

त्यांनी मात्र खुर्ची ओढली आणि अंगणवाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, "पाहा गुरुजी. आधी एक गाणं. मंग एक पाठ. मंग बातमी. बातमी एकच."

"कोणती?"

"सुगतच्या गावची. मी टीव्ही पाहत नाई. ते लोक कायले एवढे बोंबलतात? तुमी सांगा. तुमी सांगता तर वर्गात सांगून राहिल्यासारखं वाटते."

असा आमचा करार झाला. त्यांना एक शांत बातमीदार हवा होता आणि मला बातम्यांपासून कुणीतरी राखायला हवं होतं.

स्पीकर चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. रामटेके बाई तिला रोज "हो वं बाई" म्हणायच्या. त्यातलं कार्ड सुगतनं भरून दिलेलं होतं आणि भरताना त्यानं काहीही निवडलेलं नव्हतं. भीमगीतामागं झाडीपट्टीच्या नाटकातलं पद, त्यामागं जुनं हिंदी गाणं, मधेच कुणाच्या तरी लग्नातली बँडची धून. बाई म्हणायच्या, "असाच हाय पोट्टा. ताटात बी सगळं एकात एक कालवून खाते." त्यांचा स्वतःचा आवाज बोलण्याचा होता, गाण्याचा नव्हता. सूर त्यांच्या वाटेला गेला नव्हता. पण तरुणपणी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री पहाटेपर्यंत नाटकं पाहिलेली, त्यामुळे पद लागलं की त्या खाटेच्या पाटीवर बोटांनी ठेका धरायच्या, आणि तो ठेका माझ्या पाठीपर्यंत यायचा. मळमळत असताना, अंग खाजत असताना, तो ठेका पाठीत असला की बरं वाटायचं. उगाच तात्त्विक काही सांगत नाही. बरं वाटायचं, एवढंच.

मग पाठ. माझ्या कपाटात पुस्तकं भरपूर. दर प्रदर्शनात घ्यायची आणि निवृत्तीनंतर वाचायची म्हणून ठेवायची. बाईंनी त्यातलं जाडजूड दिसलं ते ओढलं. बर्फाळ देशांतून एकट्यानं फिरलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन. ते त्या विहारात वाचावं तसं वाचायला लागल्या. बोट ओळीखाली, आवाज भरदार, आणि परिच्छेद संपला की मान वर. "समजलं का?" मी "हो" म्हटल्याशिवाय पुढचा परिच्छेद नाही. भूगोलाचा मास्तर असून मी उघड्या तोंडानं ऐकत पडायचो. बर्फ, रेनडियर, लाकडाची घरं, आणि बाहेर आमच्याकडे पाऊस.

लेखकाशी बाईंचं मात्र पटत नव्हतं. तो एका बर्फाच्या वादळातून वाचला, डोंगर उतरला, मुक्कामी पोचून त्यानं सूर्यास्ताचं दोन पानं वर्णन केलं. बाईंनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"एवढा मेला-मेला झाला हा माणूस. घरी सांगतलं का यानं?"

"ते पुस्तकात नसेल, बाई."

"काहून नसन? सूर्य बुडाला ते लिहून राहिला दोन पानं. मायले सांगाले एक ओळ नाई?"

त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव 'बिनफोनचा' ठेवलं. "चला, बिनफोनचा आज कुठी जाऊन मरते ते पाहू," असं म्हणून त्या खूण ठेवलेलं पान उघडायच्या. मला हसताना बरगडीखाली दुखायचं, पण मी हसायचो.

शेवटी बातमी. रोज सकाळी येऊन नेलेला फोन त्या पिशवीतून काढून माझ्या हातात द्यायच्या, मी पाहायचो आणि सांगायचो. आज बंदर चालू आहे. आज विमानं बंद आहेत. आज जवळच्या गावात क्षेपणास्त्र पडलं, बंदरापासून लांब. पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेचा नकाशासंग्रह मागून घेतला होता. "कुठी हाय ते दाखवा." मी बोट ठेवलं. त्यांनी पर्समधून एक सोनेरी चांदणी काढली. अंगणवाडीत हजर असलेल्या पोरांच्या कपाळावर लावायची तसली चिकटणारी चांदणी. ती त्यांनी त्या बंदरावर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली.

"हजर," म्हणाल्या.

ती चांदणी माझ्या नकाशासंग्रहात अजून आहे. वर्गात ते पान उघडलं की मुलं विचारतात, तिकडे काय आहे सर. मी काहीतरी सांगतो.

आणि मग ती दुपार आली. त्या दिवशी सकाळी बाई फोन न्यायला आल्याच नाहीत, म्हणून मला बातमी आधीच दिसली. बंदराला लागलं होतं. काळा धूर, आणि त्या धुरात क्रेनची वाकलेली मान. मी ते चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. माणसं दिसत नव्हती.

बाई आल्या. त्या दिवशी त्यांनी हात धुतले का विचारलं नाही. मला कळलं, त्यांनाही कळलं आहे. शेजारच्या कुणीतरी टीव्ही लावला असेल. तरी त्या नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा गुरुजी. बातमी आधी."

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. बंदराच्या उत्तरेच्या बाजूला लागलं. कामगारांची राहायची जागा तिथून लांब आहे. किती माणसं होती ते कुणालाच माहीत नाही. फोन लागत नाहीत, कारण तिकडचं नेटवर्कच बंद आहे म्हणतात.

"म्हणजे फोन नाई लागला म्हणजे..."

"म्हणजे फोन लागला नाही, बाई. एवढाच त्याचा अर्थ."

त्यांनी मान हलवली. स्पीकर पिशवीतून काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला. "गाणं नोको आज. त्याचे गाणे हायेत ते." मग पुस्तक उघडलं. "कोणतं पान होतं?"

त्यांनी त्या दिवशी रोजच्याएवढंच वाचलं. प्रत्येक परिच्छेदाला "समजलं का?" विचारलं. मी प्रत्येक वेळी "हो" म्हणालो. काय वाचलं ते आम्हा दोघांनाही विचारू नका.

संध्याकाळी भोंग्यातून फुंकर आली. "मागं आवाज येते का?" "येते बाई," लोक म्हणाले, पण हळू. मग अध्याय वाचून झाला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ग्रंथानंतरचा समाचार झाला नाही. माइक उघडाच होता, त्यातून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सविता भाताची पेज ढवळत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून पडलो होतो. वाचन सुरू झालं आणि दोन-चार वाक्यांतच सविता पळी हातात घेऊन दारात आली.

"हे काल झालं ना?"

झालं होतं. तोच अध्याय. मी उठून बसलो. आता कुणीतरी म्हणेल, बाई, हे कालच वाचलं, म्हणून मी वाट पाहत होतो. विहार भरलेला होता, भोंग्यातून खोकल्याचे, लेकरांचे आवाज येत होते. कुणी काही म्हणालं नाही. बाई मधे थांबून "समजलं का?" विचारायच्या तेव्हा सगळे "हो" म्हणायचे, काल म्हणाले होते तिथंच, तसंच. पेज खाली लागल्याचा वास आला तरी सविता दारातून हलली नाही. आख्खा अध्याय त्या लोकांनी दुसऱ्या वेळीही पहिल्यांदाच ऐकावा तसा ऐकला.

पुढं मी मेश्रामजींना विचारलं, कुणी टोकलं कसं नाही? ते म्हणाले, "टोकाव काहून जी? टोकलं असतं तर बाईले समजलं असतं, आपलं ध्यान कुठी हाय ते. दोनदा ऐकलं. काय बिघडलं आमचं?"

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बाई रोज येत होत्या. बिनफोनचा माणूस बर्फातून चालतच होता, पण आता बाई त्याला काही बोलत नव्हत्या. त्याची चेष्टा करायची त्यांची हिंमत होत नव्हती, असं मला वाटतं. स्पीकर पिशवीतच राहायचा. मी बातमी पाहायचो आणि सांगायचो, "नेटवर्क अजून नाही." त्या नकाशावरच्या चांदणीचा सुटू पाहणारा एक कोपरा अंगठ्यानं दाबायच्या आणि घरी जायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, तुम्ही घरी विश्रांती घ्या, माझं काय, मी पडलेलाच आहे. त्यावर त्यांनी पुस्तक मांडीवर ओढलं. म्हणाल्या, "घरी मी कोणाले वाचून दाखवू, गुरुजी?"

मग एका सकाळी, सविता अजून निघाली नव्हती, गल्लीत बँड वाजायला लागला. एवढ्या सकाळी कुणाचं लग्न म्हणून आम्ही खिडकीत गेलो. बाई होत्या. स्पीकर डोक्याच्या वर धरलेला, आवाज पूर्ण मोठा, पायात वेगवेगळ्या चपला.

"लागला! गुरुजी, फोन लागला त्याचा!"

आत येऊन खुर्चीत बसल्या, धाप लागलेली. स्पीकर बंद करायचं सुचेना, म्हणून बँडच्या आवाजावर ओरडून सांगत होत्या. त्याला आणि बाकी कामगारांना बंदरापासून लांब, वाळवंटातल्या एका छावणीत नेलं होतं. हाताला भाजलं आहे, जास्त नाही. विमानं सुरू झाली की पाठवणार.

"पहिलं काय बोलला?" सवितानं विचारलं.

"म्हणला, माय, जेवली का?" आणि मग बाई रडल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, लेकरू रडतं तशा. सविता त्यांच्याजवळ बसली. रडणं ओसरल्यावर त्यांनी कनवटीची पुडी काढली, साखरेची, आणि माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला तर पुडी मागं घेतली.

"हात धुतले?"

त्यानंतर गाणी परत आली. बिनफोनच्या माणसाची खोडी काढणंही परत आलं. पुस्तक संपलं तेव्हा त्यानं शेवटच्या पानावर आपल्या आईचे आभार मानलेले निघाले. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आता सांगून राहिला. ठीक हाय. सांगतलं न." जगातल्या बातम्या काही सुधारल्या नव्हत्या. सुगतचं परतणं दोनदा ठरून लांबलं. पण माझे डोळे पांढरे होत गेले, भूक लागायला लागली, आणि फोन बाईंनी परत दिला तरी तो दिवसभर उशाशी नुसता पडून राहू लागला. औषधं डॉक्टरांनी दिली, पेज सवितानं दिली. तरी मी बरा झालो तो बाईंमुळे, असंच मी सगळ्यांना सांगतो. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, असू शकतं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी ग्रंथ पूर्ण व्हायला हवा, मग खीर, भोजनदान. आणि नेमका त्याच दिवशी सुगत येत होता. विमानानं नागपूर, तिथून संध्याकाळच्या गाडीनं वरठी. अडचण अशी की ग्रंथ एका अध्यायानं मागं होता. पौर्णिमेच्या संध्याकाळी एकाऐवजी दोन अध्याय वाचायचे राहिले होते, आणि गाडीची वेळ तीच.

दुपारी मेश्रामजी आमच्याच घरी बसले होते. बाई आल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमी ठेसनावर जा. राहिलेलं मी वाचतो. लोक काही बोलणार नाई."

"मले माहीत हाय नाई बोलणार," बाई म्हणाल्या. "तवाबी नाई बोलले."

मेश्रामजी आपला गुडघा चोळायला लागले.

"तुमाले काय वाटलं, मले समजलं नाई? दुसऱ्याच पानावर समजलं, हे कालचं हाय म्हणून. पण मले थांबता नाई आलं. अन् तुमी बी थांबवलं नाई. सारे बसून राहिले." त्यांनी मनगटावरचं बंद घड्याळ सारखं केलं. "आपल्यात नवस-बिवस नाई, मेश्रामजी. पण त्या लोकायचा एक अध्याय माझ्याकडे राहिला हाय. तो मीच वाचीन. सुगतले गुरुजी आणतीन."

अशी माझी आजारपणानंतरची पहिली बाहेरची फेरी ठरली. मी स्कूटर काढली. स्टेशनवर गाडीतून उतरलेला सुगत मला आधी ओळखू आला नाही. दाढी वाढलेली, काळवंडलेला, एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात एकच मोठी बॅग. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आई दिसत नाही म्हणून त्याचा चेहरा जरा उतरला. "माय बरी हाय न, काका?"

"बरी आहे. चल, बस."

कारखान्यातली पाळी सुटली होती, सायकलींची आणि मोटारसायकलींची गर्दी होती, त्यातून आम्ही हळूहळू निघालो. चौक ओलांडला आणि भोंगा ऐकू यायला लागला. मागं बसलेल्या सुगतनं माझा खांदा धरला.

"माय वाचून राहिली?"

"हो."

"आज तर पौर्णिमा. संपलं नाई अजून?"

"एक अध्याय राहिला होता," मी म्हणालो. "ती सांगेल तुला."

विहारापाशी त्यानं बॅग भिंतीला टेकवली, बूट काढले आणि चपलांच्या जवळ, सगळ्यांच्या मागं बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. इतकी वर्षं समोर राहून पहिल्यांदाच. मान वळवून पाहिलं कुणी, कोपरानं शेजाऱ्याला खुणावलं कुणी, पण आवाज कुणी केला नाही. पांढऱ्या साडीतल्या बाई वाचत होत्या. एकदा त्यांनी चष्म्यावरून मागं पाहिलं, नेहमीसारखं, लेकरं मोजल्यासारखं. नजर आमच्यापर्यंत आली आणि खाली ओळीवर गेली. वाचन तसंच चालू राहिलं, फक्त ओळीखालचं बोट पानात रुतल्यासारखं पुढं सरकायला लागलं. परिच्छेद संपला. "समजलं का?" सगळे "हो" म्हणाले. सुगतचे नुसते ओठ हलले.

ग्रंथ संपला. सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हणून साधुकार दिला. बाईंनी ग्रंथ कापडात गुंडाळला, गाठ मारली, तो दोन्ही हातांनी बाजूला ठेवला. चष्मा काढला नाही. माइक जवळ ओढला आणि त्यावर दोनदा फुंकर मारली. वाचन तर संपलं होतं.

"मागं आवाज येते का?"

एकही माणूस बोलला नाही. चपलांजवळ बसणारे, जे रोज ओरडायचे, तेही खाली मान घालून बसले.

"येते, माय," सुगत म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. मेश्रामजी माइक बंद करायला उठायला लागले आणि अर्ध्यात थांबले. मग भोंग्यातून साऱ्या वरठीला ऐकू गेलं, "मंग बसला काहून तथी? उठ. हात धू. खीर हाय."